वाडीचा जेकबसाहेब आणि गोव्याची हद्द

इब्रामपूर म्हणजे पेडणे तालुक्याचे पूर्वेकडचे टोक. शेजारचे हणखणे आणि हे गाव मिळून एक पंचायत. तालुक्याचे गाव पेडणे, पण रोजचा बाजार, एसटी, गाडीची दुरुस्ती, लग्नाची खरेदी यांसाठी पावले वळतात दोडामार्गाकडे, म्हणजे महाराष्ट्रात. नदीपलीकडे डिचोली तालुक्यातले साळ, शिमग्यातल्या गड्यांच्या जत्रेसाठी सगळ्या गोव्याला ठाऊक असलेले. नदी तीच, पण वर घाटाकडे तिला तिळारी म्हणतात आणि खाली समुद्राकडे शापोरा. गावातल्या सुना पलीकडच्या, पलीकडच्या सुना गावातल्या. जत्रेला येणारे दशावतारी पलीकडचे, नमनाला वाढवायचा नारळ अलीकडचा. या सगळ्याच्या मधून एक रेघ जाते. आज ती दोन राज्यांची हद्द आहे. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ती दोन परक्या साम्राज्यांची हद्द होती: अलीकडे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, पलीकडे इंग्रज.

या प्रकरणात एका इंग्रज सेनापतीची आणि कारभाऱ्याची कारकीर्द सांगायची आहे. त्याचे नाव मेजर जनरल सर जॉर्ज ले ग्रँड जेकब. कोल्हापूरच्या 1857 च्या इतिहासात तो हटकून भेटतो आणि बहुतेक ठिकाणी तिथेच संपतो. पण त्याच्या आयुष्यातली सलग सहा वर्षे सावंतवाडीत गेली. पुढे 1858 साली तो पुन्हा याच हद्दीवर फौज घेऊन उभा राहिला. त्याची कारकीर्द लंडनहून किंवा मुंबईहून पाहिली तर यशाची चढती कमान दिसते. इब्रामपुराहून पाहिली तर त्या कमानीच्या पायाशी ही रेघ दिसते. या रेघेने जेकबला आणि त्याच्या सरकारला चौदा वर्षे अडवून धरले होते.

रेघ फार जुनी नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. पेडणे महाल सावंतवाडीकर भोंसल्यांचा. मध्ये काही काळ फिरंग्यांनी इथले गड घेतले. शापोऱ्याच्या काठावरचा हळर्णचा किल्ला 1746 साली त्यांच्या हाती गेला होता. तरी पेडणे कायमचे त्यांच्याकडे गेले ते 1788 साली. कोल्हापूरकरांशी चाललेल्या भांडणात वाडीच्या खेम सावंतांना पोर्तुगिजांची मदत हवी होती आणि त्या मदतीच्या बदल्यात पेडणे दिले गेले. डिचोली आणि सत्तरी त्याआधी सहा-सात वर्षांपूर्वीच गेली होती. ‘नव्या काबिजादी’ म्हणतात त्या या. म्हणजे आपली गोष्ट जिथे तापते त्या 1844-45 साली इब्रामपुरातल्या म्हाताऱ्यांना रेघ नसलेला मुलूख आठवत असणार. त्यांच्या लहानपणी हा सगळा एकाच वाडीकरांचा मुलूख होता.

पलीकडे वाडीवर इंग्रज आले 1819 साली. जनरल कीरच्या फौजेने यशवंतगड आणि निवतीचा किल्ला घेतला, तह झाला आणि सावंतवाडी संस्थान कंपनीच्या छत्राखाली गेले. गादीवरचे खेम सावंत तेव्हा अज्ञान होते. वयात येऊन कारभार हाती घेतल्यावर त्यांना तो झेपला नाही. सरदार-देसायांची बंडे सुरू झाली, ती कंपनीच्या मदतीने मोडावी लागली. अखेर 1838 साली कंपनीने कारभारच काढून घेतला आणि वाडीत आपला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट बसवला. राजे राहिले, राज्य गेले. त्याच वेळी गोव्याच्या हद्दीवरची जकातही कंपनीने आपल्याकडे घेतली. जकातीची ही गोष्ट छोटी वाटते, पण हद्दीवरच्या गावाला सरकार दिसते ते जकातीच्या चौकीतच. काल-परवापर्यंत भाच्याकडे नेलेला तांदूळ आता ‘माल’ झाला होता.

1844 चे बंड मुळात कोल्हापूरचे. तिथल्या गादीवरचे राजे लहान होते आणि कंपनीने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले होते. त्यांनी जमाबंदीची नवी व्यवस्था घातली. त्यात गडकऱ्यांच्या जमिनी गडाच्या ताब्यातून काढून मामलेदाराच्या कचेरीखाली गेल्या. गडकरी म्हणजे किल्ल्यावर पिढ्यान् पिढ्या राहणारी शिबंदी. गडाच्या पायथ्याची जमीन हे त्यांचे वेतन, हाच त्यांचा मान आणि शिवकाळापासूनचा त्यांचा हक्क. जमीन मामलेदाराकडे गेली, तेव्हा आता आपली गरज संपली आणि उद्या आपल्याला गडावरून हाकलणार, असे त्यांनी ओळखले. ते चुकीचे नव्हते. जुलै 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरात सामानगड पडला, डिसेंबरच्या आरंभी पन्हाळा पडला. पण तोवर वणवा घाट उतरून वाडीच्या मुलखात आला होता.

वाडीत या बंडाचा म्होरक्या होता तांबुळीचा फोंड सावंत, ज्याला लोक फोंड सावंत तांबुळकर म्हणत. त्याच्याबरोबर त्याचे मुलगे होते आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खुद्द गादीचे वारस अण्णासाहेब त्याच्या गोटात गेले होते. वारसाचे नावही फोंड सावंतच, त्यामुळे जुने कागद वाचताना घोटाळा होतो. इथे मी त्यांना अण्णासाहेबच म्हणेन. राजपुत्रच बंडात आल्यावर बंडाला निशाण मिळाले.

बंडवाल्यांचा आधार होता मनोहरगड. कुडाळ तालुक्यातल्या शिवापुराहून वर पाहिले की सह्याद्रीच्या अंगाला चिकटलेला उभा कातळ दिसतो. त्याला लागूनच, मध्ये अरुंद खिंड सोडून, मनसंतोषगड. शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आल्यानंतर 1667 साली काही दिवस मनोहरगडावर राहिले होते. महाराजांनी निवडलेली जागा किती अवघड असेल, हे पायथ्याला उभे राहिल्याशिवाय कळत नाही. भोवती इतके दाट रान की पावसाळ्यानंतर दहा पावलांवरचा माणूस दिसू नये. अशा रानात कवायती फौजेची शिस्त निरुपयोगी ठरते. वाट ठाऊक असलेल्या वीस माणसांनी तोफा ओढणाऱ्या पलटणीला दिवसभर एका वळणावर अडकवून ठेवावे, अशी ही जागा.

इंग्रजांनी या मोहिमेवर जेम्स आउट्रमला धाडले. पुढे लखनौच्या वेढ्यामुळे जगभर गाजलेला हाच तो आउट्रम. त्याच्या कारकिर्दीची सुरुवात मराठी मुलखातच, खानदेशात झाली होती. 1825 पासून त्याने तिथे भिल्लांचीच पलटण उभी केली होती. रानातली लढाई त्याला शिकवावी लागणार नव्हती. 1844 चा डिसेंबर आणि 1845 चा जानेवारी त्याने या रानात काढला. जानेवारीअखेर मनोहर आणि मनसंतोष इंग्रजांच्या हाती आले. पण गड हाती आले तेव्हा ज्यांच्यासाठी सगळी मोहीम होती ती माणसे गडावर नव्हती. ती दक्षिणेला निसटली होती. थोडे दिवस रानातून, रात्रीच्या वाटा काढत ती हद्दीवर पोचली आणि हद्द ओलांडून गोव्यात शिरली.

इथून पुढचा पेच पहा. हद्दीच्या पलीकडे इंग्रजांची फौज, अलीकडे फिरंग्यांचा अंमल. दोघांची मैत्री युरोपात जुनी. त्याच मैत्रीच्या नावाखाली 1799 ते 1813 इंग्रज फौज खुद्द गोव्यात, आग्वाद आणि काबोच्या किल्ल्यांच्या आसऱ्याने तळ ठोकून बसली होती. तेव्हा फ्रेंचांची भीती होती. पाहुण्यांनी निघायला चौदा वर्षे घेतली, हे पणजीचे फिरंगी विसरले नव्हते. आता गोव्याचा गव्हर्नर होता जुझे फेरैरा पेस्ताना. आश्रयाला आलेल्यांना त्याने इंग्रजांच्या हवाली केले नाही. आउट्रमने कडक पत्रे लिहिली, मुंबई सरकारने लिहिली, कागदांचे भारे वाढत गेले. पेस्तानाला सावंतांबद्दल ममता होती, असे मला वाटत नाही. एका दुबळ्या राज्याकडे आपले राज्यपण दाखवायला उरलेली ती एकच जागा होती. बलाढ्य शेजारी म्हणतो म्हणून आपल्या घरात शिरलेला माणूस हाताला धरून बाहेर काढला, तर घर आपले कसले? पोर्तुगिजांच्या या हट्टामुळे तांबुळकरांचा जीव वाचला आणि इंग्रजांच्या डोक्याला ताप झाला.

हा ताप ज्याच्या गळ्यात पडला तो ले ग्रँड जेकब. सामानगडाच्या मोहिमेपासून तो तिथला इंग्रज सेनापती जनरल डेलामोट्ट याच्यासोबत होता. एप्रिल 1845 मध्ये त्याला सावंतवाडीचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट नेमले. तेव्हा तो चाळिशीला आला होता.

त्याचा जन्म 24 एप्रिल 1805 चा, वेल्समधल्या कार्डिफजवळचा. इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर त्याचे शिक्षण झाले. लंडनमध्ये हिंदुस्थानी भाषेचा प्रसिद्ध पंडित गिलक्रिस्ट याच्याकडे त्याने पहिले धडे घेतले आणि सोळाव्या वर्षी तो मुंबईच्या पायदळात अंमलदार म्हणून रुजू झाला. हिंदुस्थानी, फारसी आणि मराठी या तिन्ही भाषांच्या परीक्षा त्याने दिल्या. मराठी येत होती, ही गोष्ट पुढे वाडीत आणि कोल्हापुरात त्याच्या कामी आली. पुढची बरीच वर्षे काठेवाडात गेली. तिथे असतानाच त्याचा दुसरा छंद जडला, जुन्या शिलालेखांचा. गिरनारच्या पायथ्याशी जुनागडला अशोकाच्या आज्ञा कोरलेला जो खडक आहे, त्याची अधिक शुद्ध नक्कल डेन्मार्कचा विद्वान वेस्टरगार्ड आणि जेकब यांनी मिळून केली. प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडल्याला तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. सिंधमधले जाकोबाबाद ज्याच्या नावाने वसले तो जनरल जॉन जेकब याचा चुलतभाऊ. दोघांची गल्लत पुष्कळ लोक करतात.

असा हा माणूस वाडीत आला तेव्हा संस्थान कर्जात बुडालेले होते, तुरुंग भरलेले होते. बंडाने गावेच्या गावे उठली होती. बंडवाले घर जाळून जात आणि फौज बंडवाल्यांना जेवण घातले म्हणून जाळून जाई. रयतेला फरक धूर कोणत्या बाजूने आला एवढाच. जेकबने सहा वर्षांत संस्थानाच्याच उत्पन्नातून कर्जाचा मोठा भाग फेडला, वसुलीची घडी बसवली, लोकांना गावात परत आणले. हे काम त्याने चांगले केले, हे म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही. तो रयतेशी तिच्या भाषेत बोलू शकत होता आणि मुंबईच्या सेक्रेटरीला न आवडणारे लिहू शकत होता. अशी माणसे कंपनीच्या चाकरीत थोडी होती.

मात्र एक काम त्याच्याने झाले नाही. हद्दीपलीकडे बसलेली माणसे त्याला आणता आली नाहीत. गोव्यातून टोळ्या निघत, वाडीच्या मुलखात शिरत आणि पाठलाग सुरू झाला की परत रेघेअलीकडे. रेघेवर भिंत नव्हती, तार नव्हती. एक व्हाळ, एक पाणंद, एखाद्याच्या काजूच्या बागेचा गडगा, एवढीच ती हद्द. पण गडग्यापर्यंत आलेला इंग्रजांचा शिपाई तिथे थांबे, कारण पुढे पाऊल टाकले की लिस्बनपर्यंत बोंब होणार. आणि ज्याला पकडायचे तो गडग्यापलीकडे, मामाच्या अंगणात. इब्रामपूर, हणखणे, साळ, लाटंबार्से ही सगळी गावे अशा माणसांना परकी नव्हती. कोणाला भाकर घातली याची नोंद कोणी ठेवली नाही, ठेवणे शक्यही नव्हते. पण चौदा वर्षे माणसे तगली याचा अर्थ चौदा वर्षे कोणी तरी चूल पेटवत होते.

वाडीतल्या त्याच्या वर्षांतली एक गोष्ट मला त्याच्या सगळ्या लढायांपेक्षा मोलाची वाटते. कुडाळजवळच्या नेरूर गावात जमिनीत पुरलेले ताम्रपट सापडले. जेकबने ते मिळवून त्यांवर लेख लिहिला आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला. ताम्रपट म्हणजे काय, हे ज्यांनी हातात घेतलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचे दोन-तीन पत्रे, वहीच्या पानाएवढे, कडेला भोक, त्या भोकांतून ओवलेली जाड कडी आणि कडीवर राजाची मुद्रा. बदामीच्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह असतो. अक्षर घासू नये म्हणून पत्र्याच्या कडा किंचित उचललेल्या. शेकडो वर्षे मातीत राहून पत्रा हिरवा पडतो, पण चिंच लावून घासला की अक्षर वर येते, देवळातली समई उजळते तसे.

नेरूरच्या या पत्र्यांतला एक चालुक्य राजा मंगलेश याचा आहे. कोकणातले एक गाव दान दिल्याचा. दुसरा त्याहून विलक्षण. तो आहे विजयभट्टारिकेचा. ती दुसऱ्या पुलकेशीची सून, चंद्रादित्याची राणी. सातव्या शतकात, दक्षिणेत चालुक्यांवर पल्लवांचे संकट कोसळलेले असताना, ही बाई कोकणात स्वतःच्या नावाने जमिनीचे दान देत होती. तिचा दुसरा ताम्रपट नेरूरपासून जवळच, वेंगुर्ल्याकडच्या कोचऱ्यात सापडला. कुडाळ प्रांताला इतका जुना आणि इतका स्वच्छ लिहिलेला इतिहास आहे, हे जगाला पहिल्यांदा कळले ते एका लष्करी अंमलदारामुळे, आणि तेही बंड मोडायला आलेल्या. त्याच्या टेबलावर एका बाजूला सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या दानपत्राची नक्कल असेल आणि दुसऱ्या बाजूला फरारी लोकांची यादी. दोन्ही कागद त्याच मुलखाचे. दानपत्रात राजा जमीन देतो आणि ती चंद्रसूर्य असेपर्यंत कोणी काढून घेऊ नये म्हणून बजावतो. यादीतली माणसे जमीन काढून घेतली म्हणून फरारी झालेली. हे जेकबच्या ध्यानात आले असेल का, हा विचार मला सोडत नाही.

1851 साली त्याची कच्छला बदली झाली. पुढे सिंधमधल्या खैरपूरच्या मीर अली मुरादच्या चौकशीत तो होता. या वर्षांबद्दल इथे अधिक लिहीत नाही, कारण आपल्या हद्दीवर त्याच काळात याहून मोठी गोष्ट घडली. 1852 च्या जानेवारीत सत्तरीतले दीपाजी राणे फिरंग्यांविरुद्ध उठले. त्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन वर्षांहून अधिक काळ पणजीला झोप लागू दिली नाही. आजवर बंडवाले म्हणजे इंग्रजांची डोकेदुखी होती. आता त्याच रानात, त्याच घाटवाटांवर फिरंग्यांचेच शिपाई मरू लागले. रेघ दोन्हीकडून ओलांडता येते, हे पोर्तुगिजांना राण्यांनी शिकवले. पेस्तानाचा जुना हट्ट गेला तो इथे, असे माझे मत आहे.

1857 च्या आरंभी इराणशी युद्ध सुरू होते. सेनापती तोच आउट्रम. जेकब त्या मोहिमेवर गेला, मार्चमध्ये मोहमरा पडले तेव्हा तिथे होता. तह झाला आणि फौज मुंबईला परतली तर इकडे मीरत आणि दिल्ली पेटलेली. 31 जुलैच्या रात्री कोल्हापुरात 27 वी पलटण उठली. मुंबईच्या पायदळात कोकणातले आणि वाडीकडचे शिपाई भरपूर असत, त्यामुळे कोल्हापूरचे लोण घाटाखाली यायला वेळ लागणार नाही, हे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनने ओळखले. त्याला असा माणूस हवा होता ज्याला हा मुलूख, त्याची भाषा आणि त्याची माणसे ठाऊक आहेत. त्याने जेकबला धाडले.

ऑगस्टच्या मध्याला, भर पावसात, जेकब कोल्हापुरात पोचला. त्याच्याजवळ गोरी फौज मूठभर. 18 ऑगस्टला त्याने उरलेल्या पलटणीला मैदानावर उभे केले आणि हत्यारे खाली ठेवायला लावली. त्यांनी ठेवली. समोरची फौज किती थोडी आहे हे त्या शिपायांना कळते तर दिवस वेगळा गेला असता. मग कोर्ट बसले. काहींना फाशी दिली, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी बांधले. 6 डिसेंबरला पहाटे शहर पुन्हा उठले, लोकांनी वेशीचे दरवाजे लावून घेतले. जेकबने तोफा आणून दरवाजा फोडला, शहर परत घेतले आणि पुन्हा तसेच कोर्ट, तशाच शिक्षा. राजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय होता. लोकांत त्यांना मान होता म्हणून त्यांना गुपचूप कोल्हापुराबाहेर काढून कराचीला नेले. तिथेच 1869 साली त्यांचा शेवट झाला. घर पुन्हा दिसले नाही.

विजयभट्टारिकेचे दानपत्र वाचणारे डोळे तेच आणि माणसाला तोफेच्या तोंडी देण्याच्या हुकुमावर सही करणारा हातही त्याचाच. या दोहोंची वजाबाकी करून जेकब ‘तसा बरा’ होता असा हिशेब मांडणे मला मान्य नाही. त्याने वाडी संस्थानाच्या कर्जाचा मोठा भाग फेडला ते खरे. त्याने कोल्हापुरात माणसे उडवली तेही तितकेच खरे. दोन्ही कामे त्याने एकाच निष्ठेने केली, आणि ती निष्ठा कंपनीला वाहिलेली होती.

आता हद्द. 1858 साल उजाडले तेव्हा फोंड सावंताचे मुलगे पुन्हा हत्यार घेऊन बाहेर पडले होते. त्यांना येऊन मिळाले कारवार-सुप्याकडचे लोक. गोवा, वाडी, बेळगाव आणि कारवार यांच्या मधले घाटमाथ्याचे रान हा त्यांचा मुलूख. दक्षिण मराठा प्रांताचा स्पेशल कमिशनर म्हणून जेकबकडे या सगळ्याचे अधिकार आले. गोव्याच्या सरकारशी बोलणी करायची आणि हद्दीवरच्या फौजेचे नेतृत्वही करायचे, अशी दुहेरी जबाबदारी. गोव्यात तेव्हा गव्हर्नर होता विस्कोंद द तोर्रिश नोव्हश. पेस्तानाच्या काळी जे कागदोपत्री भांडण तेरा वर्षांमागे सुरू झाले होते ते आता उरले नव्हते. राण्यांचा अनुभव ताजा होता, दिल्ली-लखनौच्या बातम्या पणजीत पोचत होत्या. फिरंग्यांचे शिपाई हद्दीच्या आतून आणि इंग्रजांची फौज बाहेरून असे दोघे मिळून रान कातरू लागले.

मनोहरगड घेऊन जे जमले नव्हते, सहा वर्षे वाडीत बसून जे जमले नव्हते, ते दोन सरकारांच्या एका समझोत्याने काही महिन्यांत झाले. पाठीमागे मामाचे अंगण उरले नाही तेव्हा लढाई संपली. 1858 सरता सरता सावंतांनी शस्त्रे ठेवली. त्यांनी ती ठेवली फिरंग्यांपुढे, इंग्रजांपुढे नव्हे. एवढी निवड त्यांच्या हाती होती आणि ती त्यांनी वापरली. कोल्हापुरात काय झाले ते त्यांना ठाऊक होते. फिरंग्यांनी त्यांना इंग्रजांना दिले नाही. गलबतात घालून तिमोरला धाडले.

तिमोर म्हणजे इंडोनेशियाच्या बेटांच्या पार टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावरचे बेट. तेव्हा ते अर्धे डचांचे, अर्धे पोर्तुगिजांचे होते. तांबुळीच्या माणसाने कधी नाव ऐकले नसेल अशी जागा.

अण्णासाहेबांचे भाग्य वेगळे निघाले. त्यांना पुढे परत येऊ दिले. 1867 मध्ये वडील वारल्यावर, बंडाच्या भरपाईच्या अटी मान्य करून, ते गादीवर बसले. दोनच वर्षांनी तेही गेले. जेकब 1861 च्या अखेरीस मेजर जनरल म्हणून निवृत्त झाला, 1869 मध्ये ‘सर’ झाला, 1871 साली त्याने पश्चिम हिंदुस्थानातल्या आपल्या आठवणींचे पुस्तक छापले. संस्थाने खालसा करण्याच्या सरकारी धोरणावर त्याने त्यात टीका केली आहे. 27 जानेवारी 1881 रोजी तो लंडनला वारला.

हद्द राहिली. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने जकातीचा अडसर काही वर्षे निघाला आणि 1892 मध्ये तो तह संपल्यावर पुन्हा बसला. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि रेघेच्या दोन्ही बाजू पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा एका देशात आल्या.

या सगळ्या गोष्टीत जेकबची बाजू आपल्याला त्याच्याच पुस्तकातून वाचता येते. आउट्रमवर चरित्रे आहेत. पोर्तुगिजांचा पत्रव्यवहार पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. नाहीत ते तांबुळकरांचे शब्द. ज्यांनी त्यांना भाकर घातली त्यांचे तर नाहीतच. पण या टापूत अजून जुनी घरे आहेत. पेडणे, दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथल्या माळ्यांवर लाकडी पेट्या आहेत, त्यांत मोडीतले कागद आहेत: खंडाच्या पावत्या, देवस्थानचे मानपानाचे तक्ते, गहाणखते, कधी एखादे पत्र. घर पाडून नवे बांधताना हे कागद शेणकुटाबरोबर जळतात. वाचकहो, तुमच्या घरी अशी पेटी असेल तर ती उघडा. पाने मोजा, मोबाइलवर त्यांचे फोटो काढा, मोडी येणाऱ्या माणसाला दाखवा. 1845 ते 1858 मधली एखादी तारीख त्यात सापडली, तर ते पान पणजीच्या किंवा कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात नेऊन द्या. मूळ देणे जिवावर आले तर निदान नक्कल द्या.